जुनी मोटरसायकल : सोलापूरकरांनो, काय घेतली, कितीला घेतली, कशी टिकवली ते लिहा

चिंचोळी एमआयडीसीत नाहीतर अक्कलकोट रोडला कामाला लागलेलं पोरगं पहिला पगार व्हायच्या आधीच विचारायला लागतं, वीस-पंचवीस हजारात एखादी गाडी बघा की. नवी साधी शंभर सीसीची घ्यायची म्हटली तरी पाऊण लाखाच्या आसपास जातात, तेवढे कुणाकडं आहेत, आणि रात्रपाळी सुटल्यावर घरी यायला दुसरं काही मिळत नाही, म्हणजे गाडी ही हौस नाहीच, गाडी असली तर नोकरी टिकते. म्हणून ज्यांनी जुनी घेतलीय, वापरलीय, विकलीय त्यांनी सगळं मोकळेपणानं लिहा. भाव लिहा, पहिल्या महिन्यात काय काय काम निघालं ते लिहा, आणि कागदांचं तर नक्कीच लिहा, कारण इंजिनचं काम पाच-सात हजारात होऊन जातं पण कागद अडकला की तो वर्षानुवर्षं सुटत नाही.

माझ्यापासून सुरू करतो. स्प्लेंडर प्लस, २०१३ ची, जुळे सोलापुरातल्या एका रिटायर्ड मास्तरांकडून २४ हजाराला घेतली. बघायला जाताना सकाळी लवकर गेलो आणि फोनवरच सांगितलं होतं, सर गाडी आधी चालू करू नका. इंजिन थंड असताना किक मारल्यावरच खरं कळतं. गेल्यावर आधी इंजिनला हात लावून बघायचा, कोमट लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलीय. मीटरवर माझा विश्वास नाही, ते मागं फिरवता येतं. त्यापेक्षा किकचं, गिअरचं, फूटरेस्टचं रबर बघा. मीटर म्हणतंय वीस हजार किलोमीटर आणि फूटरेस्टचं रबर झिजून लोखंड दिसतंय, तर कुणावर विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

घेतल्यावर लगेच चेन-चकरी सेट, मागचा टायर, ब्रेक लायनर, क्लच केबल, बॅटरी आणि ऑइल, एवढं केलं. सहा हजाराच्या आत बसलं. म्हणून माझं सांगणं एवढंच की बजेट २५ हजार असेल तर गाडी १९-२० हजाराचीच बघा, बाकीचे खिशात राहू द्या.

पूर्व भाग, यंत्रमाग कारखान्यात जॉबर

आमच्याकडं सगळे एक्सएलवालेच. माझी जुनी एक्सएल सुपर हाय, टू स्ट्रोक, गिअर नाही काही नाही, पुढं टॉवेलचं गठ्ठं ठेवलं की निघाली. ११ हजाराला घेतली होती. चढाला ओढत नव्हती म्हणून जो तो म्हणायला लागला इंजिन गेलं, बोअर-पिस्टन करायला पाहिजे, पण आमच्या गल्लीतल्या मिस्त्री अण्णानं आधी सायलेन्सर काढून बघितला तर आत कार्बन घट्ट बसलेला, साफ केल्यावर पहिल्यासारखी पळालीय. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल पण जळतंय ना, त्याचा कार्बन आत धरतो, म्हणून इंजिन खोलायच्या आधी सायलेन्सर बघा बे. आणि ऑइल टूटीचंच, म्हणजे टू स्ट्रोकसाठीचंच टाका, मापात टाका, जास्त टाकलं म्हणून इंजिन जास्त टिकतंय असं काही नाही, प्लग मात्र काळा होतोय. नवीन एक्सएल १०० फोर स्ट्रोक हाय, तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नसतं, जुन्यातली घेताना कुठली हाय ते आधी विचारा.

अशोक चौकाकडं गॅरेज आहे माझं

सगळ्यात आधी सांगतो, गाडी बघायला जाताना ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घ्या आणि त्याचे दोनशे-तीनशे रुपये त्याला द्या, नुसत्या चहावर नेऊ नका, त्याचा अर्धा दिवस जातो.

आता धूर. रेस केल्यावर निळसर धूर सोडत असेल तर ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचं सील गेलंय, हे मोठं काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर नाहीतर एअर फिल्टर, हे स्वस्तातलं काम. थंडीच्या दिवसात सकाळी पहिल्या किकला थोडी पांढरी वाफ आली आणि दोन मिनिटात थांबली तर त्यात काही नाही. मग गाडी मेन स्टँडला लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू डावी-उजवीकडं फिरवा, मधे कुठं अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलंय. सरळ रस्त्यावर हँडल वाकडं धरावं लागत असेल तर गाडी कुठंतरी धडकलेली आहे. आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघा, स्प्लेंडरला तो हँडलच्या गळ्याजवळ फ्रेमवर असतो. घासलेला किंवा परत ठोकलेला वाटला तर भाव विचारायच्या भानगडीत न पडता परत फिरायचं.

सांभाळायचं म्हणाल तर आपल्या सोलापुरात दोनच गोष्टी गाडी खातात, ऊन आणि धूळ. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर, गाड्या हवेवर थंड होणाऱ्या, आणि आत ऑइल असून असून लिटरभर. त्यातलं पाव लिटर जरी जळालं तरी उरलेल्यावर किती ताण येत असेल बघा. जुनी गाडी ऑइलची पातळी न बघता महिनोन् महिने चालवायची नसते, दर रविवारी ऑइलची काडी काढून बघा, आणि अडीच-तीन हजार किलोमीटरला बदला. व्हॉल्व्हच्या टॅपेटचा आवाज यायला लागला की सेट करून घ्या, पण अगदी घट्ट करू नका म्हणून मिस्त्रीला सांगा, आवाज जातो पण व्हॉल्व्ह जळतो. चेनला जळकं ऑइल लावायची आपल्याकडं फार सवय आहे, ते लावू नका, त्याला धूळ चिकटून चेन-चकरी लवकर झिजते. नव्वद नंबरचं गिअर ऑइल घ्या, चेन रॉकेलनं पुसा, मग लावा.

पेट्रोलचं पण लिहितो कारण गिऱ्हाईक रोज विचारतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतंय, आपल्या जिल्ह्यात तर साखर कारखान्यांची रांगच आहे, पण जुन्या कार्बोरेटरमधले रबरी पाईप, ओ-रिंगा त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या, त्या फुगतात, कडक होतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीला सहसा त्रास नाही, गावाला जाऊन महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करा आणि कार्बोरेटर खालच्या स्क्रूनं रिकामा करून ठेवा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, चांगल्या आहेत, पण सेन्सर गेला तर रस्त्याकडेच्या मिस्त्रीला काही करता येत नाही. पंधरा-वीस हजारवाल्यानं कार्बोरेटरचीच घ्यावी असं माझं मत, आणि स्प्लेंडर, प्लॅटिना, शाईन असलंच काहीतरी घ्या ज्याचा पार्ट गल्लीत मिळतो. बंद पडलेलं मॉडेल पाच हजारानं स्वस्त मिळतं आणि मग एका लिव्हरसाठी माणूस गावभर फिरतो.

नर्स आहे, होटगी रोडला राहते

माझी गाडी विकतची नाही, वडिलांची पॅशन आहे, ते गेल्यानंतर मीच चालवते. तरी लिहिते कारण याबद्दल कुणी सांगतच नाही. गाडीमालक वारला तर वारसानं तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो, त्याचा फॉर्म वेगळा आहे, ३१ नंबरचा. नेहमीचे २९ आणि ३० हे जिवंत माणसानं विकल्यावरचे. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागली. आईची आणि भावाची सही एकाच दिवशी घेतली म्हणून लवकर झालं. दुःखाच्या दिवसात गाडीच्या कागदाचं कुणाच्या डोक्यात येत नाही, मला कळतं ते, पण वडील गेलेल्या घरातली गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर आधी ती वारसाच्या नावावर झालीय का तेवढं विचारा. आणि ताई-वहिनींनो, किक जड आहे म्हणून जुनी गाडी नको म्हणू नका, बॅटरी चांगली ठेवली तर सेल्फ व्यवस्थित चालतो.

विजापूर रोड, टाकळीच्या बाजूला शेती

आपण हद्दीवरची माणसं, कर्नाटकातल्या केए २८, केए ३२ च्या गाड्या इथं लई येतात आणि तीन-चार हजारानं स्वस्त मिळतात. मी घेतली एक. त्यांच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८, मग इथं महाराष्ट्राचा टॅक्स परत भरायचा, तिकडचा परत मिळायला तिकडं अर्ज करायचा. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्याच्या नंबरवर इथं चालवता येत नाही. सगळं धरलं तर स्वस्त काही पडली नाही. गाडी मात्र चांगली आहे, दुधाचे दोन कॅन लावून रोज चालते, मागचे शॉकअप आणि स्पोक तेवढे बघत राहावं लागतं.

सम्राट चौक

मी घेणाऱ्यांचं नाही, विकणाऱ्यांचं लिहितो. माझी पल्सर १५० एका ओळखीच्या माणसाला दिली, नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, त्यानं नावावर केलीच नाही. पुढं त्यानंही विकली. मला दुसऱ्या शहरातली चलनं मोबाईलवर यायला लागली. चलन तरी शे-पाचशेचं, पण अपघात झाला आणि इन्शुरन्स नसला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच हे स्पष्ट केलंय. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊ नका, भाऊ असला तरी. एक दिवस त्याच्याबरोबर बसा आणि ऑनलाईन अर्ज तुमच्या समोर होऊ द्या.

जुना पुणे नाका, सध्या शोधतोय

एक जण २०११ ची डिस्कव्हर १४ हजाराला सांगतोय, इंजिन मस्त आहे, इन्शुरन्स संपलाय, नंबरप्लेट जुनीच आहे, आरसीवर फायनान्सचं नाव दिसतंय पण तो म्हणतो हप्ते केव्हाच फिटले. घेऊ का?

याला स्प्लेंडरवाला मीच, ज्यानं हा विषय सुरू केला, उत्तर देतो, कारण असलेच प्रश्न सारखे येतात. हप्ते फिटले असतील पण आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवलेला नाही. फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ त्याच्याकडूनच आणायला सांग, ते तुझं काम नाही. २०११ ची म्हणजे २०२६ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण, आरसीवरची तारीख बघ, पुढं चालवायची तर गाडी आरटीओला दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पाच-पाच वर्षांनी होतं, त्यात ग्रीन टॅक्स आला. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यामुळं एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षित नंबरप्लेट लागतेच, ४५० रुपये अधिक जीएसटी, ती नसेल तर नावावर करायचं काम अडतं. थर्ड पार्टी इन्शुरन्स आणि पीयूसी तुला पहिल्याच दिवशी काढायचेत. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव जुळतं का बघ, चलनं बाकी आहेत का बघ. हा सगळा खर्च कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेव आणि साडेनऊ-दहा हजाराला माग. तयार झाला तर हजार रुपये टोकन दे, बोजा उतरल्याचं ऑनलाईन दिसू दे, नावावर करायचा अर्ज भरून पावती हातात आली की बाकीचे दे. आणि जायच्या आधी सांगून ठेव, गाडी चालू करू नका म्हणून.