शब्दचर्चा: ‘स्कूल स्पिरिट’ला काय म्हणाल? आणि ‘बारावा गडी’

कॉलेजस्टेशनकर:
एका सत्रासाठी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला आले आहे. इथले अनुभव मराठीत लिहायला बसले आणि ‘स्कूल स्पिरिट’पाशीच अडले. इथे विद्यापीठालाही सर्रास ‘स्कूल’ म्हणतात, त्यामुळे ‘शाळेचा अभिमान’ लिहिलं तर डोळ्यांपुढे चौथीची मुलं येतात. ‘खिलाडूवृत्ती’ तर वेगळीच गोष्ट. दुसरा अडलेला शब्द ‘ट्वेल्फ्थ मॅन’. त्याबद्दल पुढे लिहितेच, आधी पहिल्याचं सुचवा.

सदाशिवपेठी:
‘संस्थाभिमान’ आहे, पण त्याला वार्षिक अहवालाचा वास येतो. आपल्याकडे ही गोष्ट आहे, फक्त ती मैदानावर नाही, नाट्यगृहात आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात जाऊन बघा. ‘अरे आव्वाज कुणाचा?’ अशी आरोळी उठते आणि कॉलेजचं नाव घेऊन अख्खी बाल्कनी उत्तर देते. त्या पोरांना विचारलंत तर ती ‘जोश’ म्हणतील.

बेळगावकर:
मी ‘ईर’ सुचवेन. इरेला पेटणे, ईर्षेने खेळणे. जोश तासाभरात ओसरतो, ईर वर्षानुवर्षं टिकते. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाशी यांचं हाडवैर आहे ना? 2011 नंतर बंद पडलेला त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना 2024 मध्ये पुन्हा सुरू झाला.

कॉलेजस्टेशनकर:
हाडवैर आहेच! पण ‘ईर’ म्हटलं की समोर कुणीतरी लागतो. इथे ‘मिडनाइट यल’ म्हणून प्रकार आहे. घरच्या मैदानावर सामना असला की आदल्या मध्यरात्री विद्यार्थी काइल फील्डवर जमतात. प्रतिस्पर्धी नाही, चेंडू नाही, फक्त घोषणांची तालीम. आयपीएलमध्ये दिसतात तशा चिअरलीडर इथे नाहीत. विद्यार्थ्यांनी मतदान करून निवडलेले पाच ‘यल लीडर’ असतात. ते हातांनी खूण करतात, पुढची रांग ती खूण मागे देते, अशी ती पार वरपर्यंत पोचते. मग सगळे कमरेत वाकतात, हात गुडघ्यांवर टेकतात आणि पोटातून आवाज काढतात. माझ्या शेजारची मुलगी मला कोपराने ढोसून ‘अजून वाक’ म्हणत होती, कारण ताठ उभं राहून तो आवाज निघतच नाही. सामना हरले तरी विद्यार्थी लगेच उठून जात नाहीत, तिथेच पुढच्या सामन्याच्या घोषणांची तालीम करतात. हे मला फार भिडलं. याला ईर कसं म्हणू?

सदाशिवपेठी:
मग ‘बाणा’ घ्या. मराठी बाणा म्हणतो तसा. अभिमान मनात असतो, बाणा वागण्यात दिसतो आणि तो हरल्यावरही सोडायचा नसतो. ‘ॲगी बाणा’ कानालाही छान लागतं. ‘ॲगी’ हे तिथल्या विद्यार्थ्यांचं कृषी महाविद्यालयाच्या दिवसांतलं नाव, बरोबर ना?

कॉलेजस्टेशनकर:
हो, 1876 साली ते शेती आणि यंत्रविद्येचं कॉलेज म्हणून सुरू झालं. बाणा! अगदी हाच शब्द हवा होता. अनोळखी माणसालाही ‘हाउडी’ म्हणायचं, हेसुद्धा त्यातच बसतं.

आता ‘ट्वेल्फ्थ मॅन’. अमेरिकन फुटबॉलमध्येही एका बाजूला अकराच खेळाडू. 2 जानेवारी 1922 रोजी डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्धच्या सामन्यात ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होत होते. ई. किंग गिल हा विद्यार्थी फुटबॉलचा संघ सोडून बास्केटबॉलकडे वळला होता आणि त्या दिवशी पत्रकार कक्षात होता. प्रशिक्षक डॅना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. तो पोशाख चढवून सामना संपेपर्यंत कडेला उभा राहिला. संघ 22–14 असा जिंकला, गिलला मैदानात उतरावं लागलं नाही. त्याची आठवण म्हणून सगळे विद्यार्थी स्वतःला ‘बारावा’ मानतात आणि अख्खा सामना उभ्याने बघतात. पण मराठीत ‘बारावा खेळाडू’ म्हटलं की पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणारा राखीव क्रिकेटपटू आठवतो.

बेळगावकर:
‘खेळाडू’ नकोच. ‘गडी’ही क्रिकेटकडेच नेईल, शिवाय घरगड्याची छटा आहे. ‘बारावा भिडू’ लिहा. राखीव असो वा नसो, भिडू म्हणजे आपल्या बाजूचा. गिलही तेवढ्यासाठीच उभा होता.

सदाशिवपेठी:
भिडूला माझंही मत. मात्र पहिल्यांदा लिहाल तेव्हा गिलची हकिकत आधी सांगा, शब्द नंतर येऊ द्या. ‘यल’ला ‘ललकारी’ चालेल. ‘टेलगेटिंग’ तसंच ठेवा. सामन्याआधी गाडीचा मागचा दरवाजा उघडून शेगडी पेटवण्याला मराठीत शब्द शोधत बसू नका.