'मेगास एक्सएलआर': नुसती टिंगल की खरी रोबो-मालिका?

सुमेधा_ठा:
भाचा आठवीत आहे. गंडम, इव्हँजेलियन या जपानी रोबो-मालिका पाहून झाल्या (इव्हँजेलियन कुणाला विचारून पाहिली हा वेगळा विषय), आणि आता अमेरिकन कार्टून म्हटलं की नाक मुरडतो. ऑफिसातल्या एकाने 'मेगास एक्सएलआर' सुचवली. दुसरा म्हणाला, छे, ती जपानी रोबो-मालिकांची नुसती टिंगल आहे, त्यापेक्षा 'सिम-बायॉनिक टायटन' दाखव. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे येतोय. जाणकारांनी सांगावं, कुठली दाखवू?

कोथरूडकर_७७:
टायटन. डोळे झाकून. 'समुराय जॅक'वाल्या गेन्डी टार्टाकोव्स्कीची आहे, विषय संपला. मेगास म्हणजे ढेकरा आणि तोडफोड.

गॅरेजवाल्याचा_पोरगा:
वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. ढेकरा आहेत, तोडफोड तर विचारूच नका. पण मी मूळचा इचलकरंजीचा, वडिलांचं गॅरेज होतं आणि आता राहतो जर्सी सिटीत. मेगास नेमकी इथेच घडते. त्यामुळे मी तिच्याकडे रोबोच्या नाही, गाडीच्या बाजूने बघतो.

गोष्ट अशी. सन 3037 मध्ये माणसं ग्लॉर्फ्ट नावाच्या परग्रहवाल्यांशी लढतायत आणि हरतायत. कीवा ही त्यांची पायलट शत्रूकडून पळवलेला रोबो घेऊन भूतकाळात निघते, वाटेत गडबड होते आणि रोबो एकटाच येऊन पडतो न्यू जर्सीच्या भंगारात, तोही बिनडोक्याचा. कूप नावाचा जाडजूड, खादाड पोरगा तो 2 डॉलरला उचलतो. डोकं नाही ना, मग मानेवर चक्क प्लिमथ बॅराकुडा गाडी बसवतो. आत गिअरचा दांडा, पेडल, व्हिडिओगेमचे कंट्रोलर आणि बटणांची रास. एका बटणावर लिहिलंय, 'भाग संपायला पाच मिनिटं'.

खरी मजा पुढे आहे. कीवा रोबो परत न्यायला येते, सीटवर बसते, आणि तिला त्यातलं काहीही चालवता येत नाही! हजार वर्षं पुढची सैनिक, पण वायरिंग केलंय कूपने. आमच्याकडे एका गिऱ्हाईकाने जीपला ट्रॅक्टरचा स्विचबोर्ड लावून घेतला होता. ती गाडी त्याच्याशिवाय कुणाला चालूच व्हायची नाही, वडीलसुद्धा हात टेकायचे. तर कीवालाही झक मारत थांबावं लागतं आणि कूपलाच लढायला शिकवावं लागतं.

आता भाच्याच्या मुद्द्यावर येतो. गंडममधला (1979) आमुरो आठवा, इव्हँजेलियनमधला (1995) शिंजी आठवा. दोघांच्याही गळ्यात बापाच्या कामातून आलेलं यंत्र पडतं, आणि मन नसताना त्यात बसावं लागतं. सगळं दुःख तिथून सुरू होतं. कूपला कुणीही बसवलेलं नाही. त्याने ते स्वतःच्या हाताने जोडलंय आणि तो हौसेने बसतो. ज्याने ते दोन पाहिलेत त्याला हे उलटं केलेलं बरोबर कळेल. न पाहणाऱ्याला नुसती तोडफोड दिसणार.

आणि टिंगल करणारे लोक परके नाहीत हो. जोडी शेफर आणि जॉर्ज क्रस्टिक यांनी आधी 'लोब्राऊ' नावाचा एकच नमुना-भाग केला, 2002 मध्ये प्रेक्षकांच्या मतांवर तो निवडला गेला, आणि मे 2004 मध्ये कार्टून नेटवर्कवर मालिका आली. कूपचा दोस्त जेमी आणि कीवा यांचे आवाज आहेत स्टीव्ह ब्लम आणि वेंडी ली यांचे, म्हणजे 'काउबॉय बीबॉप' या जपानी मालिकेच्या इंग्रजी आवृत्तीतले स्पाइक आणि फे! भाचा पहिल्याच भागात कान टवकारेल.

बाकी जर्सीची धुळधाण दर भागात. पुलास्की स्कायवेवर रोज तासभर अडकणाऱ्या माणसाला ते बघून किती बरं वाटतं, ते पुण्यात बसून कळणार नाही, कोथरूडकर.

कोथरूडकर_७७:
पुण्यातही ट्रॅफिक आहे बरं का. पण कीवाचं काय? एवढी लढवय्यी, आणि दोन टवाळांच्या मागे फिरते. ग्लॉर्फ्टांचा म्होरक्या गोरॅथ तर दर वेळी मार खाऊन पळतो. आठव्या भागापर्यंत मला कंटाळा आला.

गॅरेजवाल्याचा_पोरगा:
कीवाबद्दल मान्य, तिच्या वाट्याला फार थोडं आलंय. गोरॅथचंही खरं. म्हणूनच सलग बघायची नसते ही, जेवताना एक भाग बास.

टायटन मलाही आवडते, पण ती रोबोसाठी नाही. गॅलालुना ग्रहावरून पळालेली राजकन्या इलाना, तिचा रक्षक लान्स आणि ऑक्टस हा यंत्रमानव इलिनॉयमधल्या शेरमन गावात शाळकरी पोरं बनून लपतात. तिघं एकत्र आले की टायटन. पण ऑक्टस 'न्यूटन' बनून वर्गात बसतो आणि चिअरलीडर किमीचा त्याच्यावर जीव जडतो, ते प्रकरण सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा सरस आहे. फक्त 20 भागांवर 2011 मध्ये बंद पडली, गोष्ट अधांतरी. खेळणी काढायला कुणी तयार नव्हतं, हे कारण टार्टाकोव्स्कीनेच सांगितलंय. मेगासही 26 भागांत आटोपली, पण तिथे बहुतेक भाग आपापल्यात पुरे होतात.

सुमेधा_ठा:
म्हणजे अधांतरी संपणारी दाखवली तर तो दिवाळीभर माझं डोकं खाणार. आधी मेगास. पहिल्यापासूनच लावू ना?

गॅरेजवाल्याचा_पोरगा:
हो, पहिला भाग हवाच, नाहीतर गाडीचं डोकं कुठून आलं ते कळत नाही. मग 'अल्ट्रा चिक्स' लावा, त्यात 'सेलर मून' या जादुई पोरींच्या जपानी मालिकेची यथेच्छ फिरकी आहे. शेवटचा जोडभाग 'रिअरव्ह्यू मिरर, मिरर' मात्र राखून ठेवा. त्यात कूपची दुष्ट आवृत्ती भेटते आणि सूर बराच गंभीर होतो. आणि फराळाचं ताट त्याच्यापासून लांब ठेवा, कूपला खाताना बघून हात आपोआप चकलीकडे जातो.