मंडईत दाखवायचा जुन्या फोटोंचा स्लाइड शो : कोणत्या फॉरमॅटमध्ये काढू?

झाडीचा_प्रेक्षक

नमस्कार मंडळी. वडशापासून आत आमचं गाव आहे. यंदा मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावच्या जत्रेच्या, रात्री नाटकाचा पडदा उघडायच्या आधी गावच्या नाट्यमंडळाच्या जुन्या फोटोंचा स्लाइड शो दाखवायचं ठरलं. घरोघरी फिरून एकशे दहा फोटो जमवले. एकात माझे आजोबा पेटीवर बसले आहेत, बाजूला तबलजी, मागे रंगवलेला राजवाड्याचा पडदा. त्यांचा तेवढा एकच फोटो घरात आहे, म्हणून हे काम नीट व्हावं असं फार वाटते. १९९४ च्या प्रयोगाची व्हिडिओ कॅसेटही सापडली, ती शहरातून कॉम्प्युटरवर उतरवून आणली. सगळं मिळून बावीस मिनिटं.

लॅपटॉप आय-थ्री, आठ जीबी रॅम. पूर्वी प्रोशोवर करत होतो, यावेळी शॉटकट हे व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर शिकलो. सगळ्यात चांगलं निघावं म्हणून फोर-केमध्ये, एच.२६५ निवडून रेंडर केलं, म्हणजे व्हिडिओची फाइल काढली. पण काकांच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर आवाज येते, चित्र येत नाही. लॅपटॉपवर अडकत चालते. फोटो हळूहळू सरकवला की थरथरते. एका फोटोतून दुसऱ्यात जाताना चेहऱ्यावर चौकोन दिसतात. कॅसेटच्या भागात कोणी हात हलवला की हाताला आडव्या रेघा. आता एमपी४ सोडून एव्हीआय करू का? मार्गदर्शन करा जी.

खडू_फळा

भाऊ, आधी दोन गोष्टी सांगा. दाखवणार कशावर, प्रोजेक्टर की एलईडी वॉल? आणि लोकांनी फोटो दिले कसे?

झाडीचा_प्रेक्षक

एलईडी वॉल आहे सर. मांडववाल्याला फोन करून विचारलं. पी ३.९१ म्हणते, म्हणजे दोन ठिपक्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर. अर्ध्या मीटरचे कॅबिनेट, म्हणजे जोडायचे चौकोनी तुकडे, आठ आडवे आणि पाच उभे. लॅपटॉपवरून एचडीएमआयने लावणार. फोटो अर्धेअधिक व्हॉट्सॲपवर आले, बाकीचे मी मोबाइलने काढले.

स्टुडिओ_ब्रह्मपुरी

दादा, लग्नाचे आणि नाटकांचे व्हिडिओ बरीच वर्षं करून राहिलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एमपी४ आणि एव्हीआयचा विचार डोक्यातून काढा. हे नुसते डबे आहेत. आत भाजी कोणती ते कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवायची पद्धत, ठरवते. एच.२६४ हे २००३ चं, ते जवळजवळ प्रत्येक टीव्हीला आणि लॅपटॉपला येते. एच.२६५ आलं २०१३ मध्ये. त्याआधीच्या टीव्हीत ते उलगडणारी चिपच नाही. काकांच्या टीव्हीला डबा उघडता आला, आवाज समजला, चित्र समजलं नाही, एवढंच झालं आहे. लॅपटॉप अडकण्याचं कारणही तेच धरा. फोर-के एच.२६५ साठी चिपची मदत नसली तर सगळं ओझं प्रोसेसरवर पडते.

आता वॉलचं गणित करा. पी ३.९१ च्या अर्ध्या मीटरच्या कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ ठिपके असतात. आठ आडवे म्हणजे १०२४, पाच उभे म्हणजे ६४०. तुमची अख्खी वॉल १०२४ × ६४० ची आहे. तिच्यासमोर ३८४० × २१६० ची फाइल चालवून एक ठिपकाही जास्त दिसणार नाही. १९२० × १०८० पुरून उरते. एक मात्र जपा. वॉलचा आकार १६:१० आहे आणि तुमचा व्हिडिओ १६:९. ऑपरेटर पडदा भरायला चित्र उभं ताणते आणि सगळ्यांचे चेहरे लांबट होतात. १०२४ × ५७६ वर ठेवून वर-खाली बत्तीस-बत्तीस ओळी काळ्या सोडायला सांगा. शक्य असेल तर तिथं उभं राहूनच करून घ्या.

थरथर आणि चौकोन ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. फोटो आठ सेकंदांत शंभर पिक्सेल सरकतो असं समजा. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका फ्रेममध्ये अर्धा पिक्सेलही सरकत नाही. सॉफ्टवेअर पूर्ण पिक्सेलवरच ठेवत असेल तर फोटो दोन फ्रेम थांबतो आणि मग टुणकन पुढं जातो. शालूच्या काठावर, पडद्याच्या नक्षीवर हे लगेच दिसते. इथं मात्र तुमचं फोर-के कामाला येते. मोठ्या चित्रात ती पायरी अर्धी होते. म्हणून फोर-केमध्ये, पण एच.२६४ मध्ये, क्वालिटी चढी ठेवून एक मास्टर, म्हणजे मूळ फाइल, काढा. मग हँडब्रेक या फाइल बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची १९२० × १०८० प्रत करा, एच.२६४, आरएफ (क्वालिटीचा आकडा) १८, आवाज एएसी. मास्टर घरी ठेवायचा, प्रत वॉलवर न्यायची.

चौकोनांचं कारण बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारा डेटा. एक फोटो विरघळत दुसरा येतो तेव्हा प्रत्येक पिक्सेल बदलत असते. एन्कोडरला सगळ्यात जड काम तेच, आणि तुम्ही ठरावीक कमी बिटरेट दिला असेल तर तो नेमका तिथं कमी पडते. आरएफवर ठेवलं की जिथं गरज तिथं तो जास्त खर्च करते. फाइलच्या आकाराची चिंता करू नका. सेकंदाला बारा मेगाबिट पडले तरी बावीस मिनिटांचे दोन जीबीच्या आसपास होतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर चार जीबीवरची फाइल त्यावर बसत नाही, त्याच्या आत आहात.

रात्री रेंडर लावत असाल तर मास्टर एमकेव्ही नावाच्या डब्यात काढा. एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा फाइल पूर्ण झाल्यावर शेवटी लिहिली जाते. मधात लाइन गेली आणि बॅटरीनं साथ सोडली तर आठ तासांचं काम उघडतही नाही. एमकेव्हीमध्ये झालं तेवढं हाती राहते, उरलेलं काढून जोडता येते. आमच्याकडे असं दोनदा झालं, तेव्हापासून मी मोठं काम तुकड्यांतच काढतो.

मांडवातला_माणूस

सगळं पटलं, पण सेकंदाला फ्रेम २५ ठेवा. आपल्याकडे सगळं २५ वरच चालते, कॅसेटही २५ चीच आहे.

स्टुडिओ_ब्रह्मपुरी

भाऊ, शूटिंगला तुमचं बरोबर आहे, पन्नास हर्ट्झच्या ट्यूबखाली २५ नेच लुकलुक टळते. इथं मात्र दाखवायचं लॅपटॉपवरून आहे आणि त्याचा एचडीएमआय बहुतेक ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, देते. ६० ला ३० नं भाग जातो, २५ नं जात नाही. सरकणारा फोटो २५ वर हमखास अडखळते. कॅसेटची पाच मिनिटं ३० वर किंचित अडखळतील, तेवढं चालवून घेऊ.

कॅसेटच्या रेघांचंही सांगतो. ते चित्र इंटरलेस्ड असते, एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी गुंफलेल्या. शॉटकटमध्ये त्या क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये स्कॅन मोड इंटरलेस्ड असल्याचं सांगा. आणि ते ४:३ चं आहे, पडदा भरायला ताणू नका. बाजूला काळं राहू द्या.

खडू_फळा

सगळं खरं, पण फोटोच व्हॉट्सॲपवरून आलेले असतील तर पुढची सगळी मेहनत कमी झालेल्या चित्रावर होते. ज्यांच्याकडे मूळ प्रिंट आहे त्यांच्याकडून ती एका दिवसासाठी मागा आणि ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके ठेवून, स्कॅन करा. चार बाय सहाच्या प्रिंटचे २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, झूम करायलाही जागा राहते. ज्यांना द्यायचं नसेल त्यांच्या अंगणात सावलीत बसून, फ्लॅश बंद ठेवून काढा. चकचकीत कागदावर आभाळ उमटते, प्रिंट थोडी कलती धरा. मोबाइलवरूनच पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग फोटो दाबला जात नाही.

दंडार_ते_नाटक

नावांच्या पाट्यांचंही पाहा. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं युनिकोडमध्ये पेस्ट केलं की भलतीच अक्षरं येतात. मी पाट्या वेगळ्या पीएनजी चित्रात करून टाकतो. गेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर घरच्यांना फार लागते हो, दोघांकडून वाचून घ्या.

झाडीचा_प्रेक्षक

मंडळी, चार दिवस यातच होतो. प्रिंटा मागायला गेलो तर लोकांनी अल्बमच हातात दिले. ग्रामपंचायतीच्या स्कॅनरवर एकसष्ट झाले. मांडववाल्यानं गोदामात चार कॅबिनेट जोडून दिले, त्यावर दोन मिनिटांचा तुकडा लावून पाहिला. थरथर गेली. चौकोन कुठं दिसले नाहीत. चेहरे खरंच ताणले जात होते, आकार बदलून घेतला. काळा रंग राखाडी दिसत होता, वॉलचा ब्राइटनेस कमी केला तसा बसला.

आजोबांचा फोटो ६०० वर स्कॅन केला. मागच्या राजवाड्याच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. इतकी वर्षं फोटो भिंतीवर होता, कोणाला दिसलं नव्हतं. आईनं भिंग घेऊन मूळ प्रिंटवर पाहिलं, आहे. त्या गावात कोणी ओळखीचं आहे का ते शोधून राहिलो, त्यांनाही मंडईला बोलावतो. दोन अल्बम यायचे बाकी आहेत, ते आले की मास्टर लावतो, एमकेव्हीमध्ये, तीन तुकड्यांत.