ल्युपस नेफ्रायटिस: मायकोफेनोलेट सुरू करताना

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस नेफ्रायटिससाठी (ल्युपस या आजारात मूत्रपिंडांना येणारी सूज) मायकोफेनोलेट मोफेटिल हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाले असून, ५०० मिलिग्रॅमच्या गोळीनेच मळमळ आणि जुलाब होत असताना वाढीव डोस तिला कसा झेपेल, याची काळजी वाटते.

उत्तर १: डोस हळूहळू वाढवतात तो याचसाठी. गोळी जेवणासोबत घेतल्यास त्रास कमी होतो. मात्र मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेले अँटासिड त्याच वेळी घेऊ नये, कारण औषध कमी शोषले जाते. जुलाब थांबले नाहीत तर डॉक्टरांना कळवा, स्वतःहून गोळी बंद करू नका.

उत्तर २: पांढऱ्या पेशी आणि लघवीतील प्रथिने नियमित तपासा, ताप आल्यास वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. या औषधाने गर्भात व्यंग येऊ शकते, म्हणून मूल हवे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान ६ आठवडे आधी औषध बदलावे लागते.

प्रश्नकर्ती: तिचे लग्न ठरत आहे, त्यामुळे हे डॉक्टरांना आवर्जून विचारते.