सायगॉनला योग शिकवून 'महिना लाख रुपये': हिशेब पुरा मांडा की!

सह्यकडा:
परवा व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीबद्दल (म्हणजेच जुनं सायगॉन) एक एजंटछाप पोस्ट फिरत होती. "हो ची मिन्ह सिटीत योगशिक्षकाला महिना ३ कोटी डोंग, म्हणजे लाख रुपये. खर्च पुण्याच्या निम्मा. सत्तर हजार आरामात घरी पाठवा." खाली पोरांची रांग, 'सर, मेसेज केलाय'. डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक.

३ कोटी हा आकडा खोटा नाही, पण ती बेरीज आहे. ज्या स्टुडिओने वर्क परमिट काढलं त्याचा पगार, अधिक इतर तीन-चार ठिकाणी तासावर घेतलेले वर्ग. परमिट त्या एका मालकापुरतं असतं. दुसऱ्या स्टुडिओतला वर्ग त्यात बसत नाही. परमिटशिवाय काम करताना सापडलात तर दंड दीड ते अडीच कोटी डोंग (रुपयाला साधारण २९०-३०० डोंग धरा, म्हणजे ५० ते ८५ हजार), वर देशाबाहेर काढतात ते वेगळं.

आता तासांचं बघा. ३ लाख ५० हजार डोंग तासाला मिळाले तरी ३ कोटीला महिन्यात ८६ वर्ग लागतात. गिऱ्हाईक नोकरदार, त्यामुळे वर्ग पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ. संध्याकाळी दोनपेक्षा जास्त वर्ग होत नाहीत, कारण मध्ये स्कूटरवर शहर ओलांडायचं असतं. तेतच्या (व्हिएतनामी नववर्षाच्या) सुट्टीत स्टुडिओ बंद, तासावरच्यांना शून्य. पगारदारांना तेराव्या महिन्याचा पगार द्यायची पद्धत आहे, कायदा नाही.

आणि 'आधी ई-व्हिसावर या, परमिट मागून बघू' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. ९० दिवसांचा ई-व्हिसा कामासाठी नाही. मग दर तीन महिन्यांनी मोक बाई सीमानाक्यावरून कंबोडियात जाऊन परत यायचं, आणि एजंट प्रत्येक फेरीचे पैसे घेणार.

डोंगरे_नव्हे_डोंगवाले:
उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. एकाच मालकाकडे ३ कोटी पगार देणाऱ्या जिमसाखळ्याही आहेत. तो हिशेब करू या का?

वर्षाचा करार असेल तर विमा साडेनऊ टक्के: ८ सामाजिक, दीड आरोग्य. म्हणजे २८.५ लाख गेले. २०२६ पासून करातली वैयक्तिक वजावट महिना १ कोटी ५५ लाख. उरलेल्या १ कोटी १६ लाखांवर कर दहा लाखांच्या आतच बसतो. हातात २ कोटी ६० लाखांच्या वर, म्हणजे ९० हजारांच्या आसपास रुपये. चांगली स्वतंत्र खोली भाड्याने घेतली तरी ५०-७० लाख डोंग. पुण्यात योगशिक्षकाला ९० हजार कोण देतो ते सांगा, आपण दोघे अर्ज करू.

सह्यकडा:
हे वर्षात किमान १८३ दिवस राहणाऱ्याचं गणित झालं. तीन-चार महिन्यांत परतणारा कर-निवासी (करापुरता तिथला रहिवासी) होत नाही. त्याला वजावट शून्य, थेट २० टक्के. ३ कोटीतले ६० लाख गेले. एजंट नवख्याला आधी तीन महिन्यांच्या 'ट्रायल'वर पाठवतो, तेव्हा हाच दर लागतो. शिवाय खोलीच्या भाड्यात वीज धरलीत का? घरमालक युनिटला ३५००-४००० डोंग लावतात आणि एसी रात्रभर चालतो. डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं, मुदतीआधी सोडलं की विसरा.

आणि तो साडेनऊ टक्के विमा म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे.

डोंगरे_नव्हे_डोंगवाले:
पाण्यात? परमिट संपलं, नूतनीकरण नाही, देश सोडताय, तर सामाजिक विम्याचे एकरकमी परत मागता येतात. भरलेल्या दर वर्षामागे सरासरी पगाराचे दोन महिने. त्यात तुम्ही वर्षभरात भरता महिन्याच्या पगाराहून थोडे कमी. बाकीचं मालकाच्या वाट्यातून. अर्ज मात्र विमानात बसायच्या आधी करायचा, मुंबईत उतरल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

सह्यकडा:
वा. म्हणजे दोन वर्षं टिकलेल्याला एजंटने न सांगितलेला बोनस. मानलं बुवा. टिकणारे किती ते पण सांगा.

कागदी_घोडा:
दोघांनीही मूळ अडचण सोडली. परमिट मिळतंच कुणाला? 'तज्ज्ञ' म्हणून जायचं तर पदवी आणि त्या कामाचा अनुभव. ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमांनी अनुभव तीन वर्षांवरून दोनवर आणलाय. 'तंत्रकुशल' म्हणून जायचं तर किमान एक वर्षाचं प्रशिक्षण आणि दोन वर्षांचा अनुभव, किंवा प्रशिक्षणाशिवाय तीन वर्षांचा अनुभव. ऋषिकेशचं २०० तासांचं सर्टिफिकेट महिनाभराचं, ते त्या वर्षभराच्या प्रशिक्षणात बसत नाही. पोरं तेवढंच घेऊन जातात आणि मग घोडं तिथेच पेंड खातं.

क्रम असा: पदवीवर राज्याचं अटेस्टेशन (खरी असल्याचा शिक्का), मग परराष्ट्र मंत्रालय, मग व्हिएतनामच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाचा शिक्का, मग व्हिएतनाममध्ये व्हिएतनामी भाषांतर आणि नोटरी. अनुभवाचं पत्रही याच वाटेने. त्यात 'योग प्रशिक्षक' असंच लिहून घ्या. 'फिटनेस सल्लागार' लिहिलं आणि परमिटच्या अर्जात योग असेल तर फाइल परत येते. पोलिस क्लिअरन्स सर्वांत शेवटी काढा, सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. लोक उत्साहात ते पहिलं काढतात आणि बाकीचे कागद येईपर्यंत ते शिळं होतं.

मिरजकर_काका:
ते परमिट-बिरमिट ठीक. शाकाहारी माणसाने खायचं काय? सगळ्यात माशाचं पाणी घालतात म्हणे. त्यापेक्षा मिरजेत अर्धपोटी बरं.

वांगीभात:
काका, चाय (म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) खानावळी गल्लोगल्ली आहेत. बौद्ध पद्धतीचं जेवण, मांस-मासे नाहीत, 'कोम चाय' अशी पाटी शोधा. पौर्णिमा-अमावास्येला तर गर्दीत जागा मिळत नाही. 'तोइ आन चाय', म्हणजे 'मी शाकाहारी खातो', एवढं पाठ करा.

मिरजकर_काका:
पाठ करून काय? साध्या हॉटेलात 'मांस नको' म्हटलं तर भाजी माशाच्या सॉसमध्येच परतून आणतात. रस्सा हाडांचा.

वांगीभात:
म्हणून तर चाय खानावळ म्हटलं, साधं हॉटेल नव्हे! घरी करायचं तर मूग, शेंगदाणे, चिंच, मिरची, कोथिंबीर, टोफू कोपऱ्यावर मिळतं. तूरडाळ भारतीय दुकानात. आणि तांदळाच्या पिठाची दोन पाकिटं शेजारी ठेवलेली असतात. 'बोत गाओ' साध्या तांदळाचं, 'बोत नेप' चिकट तांदळाचं. मोदकाला नेप घेतलंत तर उकडीचा गोंद होतो, पारी वळतच नाही. गाओ घेतलंत तरी पाणी जरा कमी, कारण ते पीठ तांदूळ भिजवून दळलेलं असतं.

मिरजकर_काका:
भिजवून दळलेलं असेल तर बरंच की, आमच्याकडेही मोदकाचे तांदूळ धुऊन वाळवूनच दळतात. पण मोदक करायला परदेशात जातात का?

सह्यकडा:
धाग्याचा विषय पगार आहे, गणपती नाही! अ‍ॅडमिन झोपलेत का?

वांगीभात:
जेवण पगारातूनच होतं. चाय खाणारा कमी पैशात महिना काढतो, हे तुमच्या हिशेबात नव्हतंच. तुम्हाला आकडे फक्त रडण्यासाठी लागतात.

सह्यकडा:
आणि तुम्हाला फक्त ताटासाठी. स्वस्त जेवून उरवलेले पैसे घरी कसे पाठवणार? पगार बाहेर पाठवायला बँक परमिट, करार, पगाराचा दाखला आणि कर भरल्याचा पुरावा मागते. रोख तासावर मिळालेल्या पैशाला यातलं काहीच नसतं. मग सोन्याच्या दुकानात डॉलर घ्यायचे. परवाना नसलेल्या दुकानात चलन बदलणं हा तिथे दंडाचा गुन्हा आहे.

डोंगरे_नव्हे_डोंगवाले:
हे मात्र बरोबर. म्हणूनच तर म्हणतोय, एकच मालक, वर्षाचा करार, पगार बँकेत. तासावरच्यांची वकिली मी केलीच कुठे?

कागदी_घोडा:
करार द्विभाषिक घ्या, दोन्ही भाषांतला आकडा ताडून बघा आणि 'ग्रॉस' (कपातीआधीचा) आहे की 'नेट' (हातात येणारा) ते आधी विचारा. एजंट ग्रॉसचा आकडा नेट म्हणून सांगतो, पोरगा विमानात बसतो, आणि मग इथे येऊन धागे काढतो.