मदत हवी आहे: आईबाबांसोबत बेंडिगो

नमस्कार मंडळी,

आईबाबा नागपूरहून मेलबर्नला आलेत. सिडनी, ग्रेट ओशन रोड वगैरे नेहमीचं होईलच, पण बाबांना इथल्याच व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगो शहराजवळचा ग्रेट स्तूप बघायचाच आहे. तिबेटमधल्या ग्यान्त्सेच्या स्तूपाच्या धर्तीवर बांधलेला, जवळपास 50 मीटर उंच, आणि आत हिरव्या जेड दगडातली अडीच मीटरची बुद्धमूर्ती. दीक्षाभूमीच्या सावलीत आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं दाखवायलाच हवं.

प्रश्न असा, की आईचे गुडघे दुखतात. स्तूपाजवळ गाडी कुठवर जाते? आत पायऱ्या किती आहेत? शहरापासून तिकडे बस आहे, की टॅक्सीच करावी लागते? मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून ट्रेनने यायचा विचार आहे.

बेंडिगोतली सेंट्रल डेबोरा ही सोन्याची खाण 1954 साली बंद झाली, आता तिथे पर्यटकांना जमिनीखाली 61 मीटरवर नेतात. बाबा कोळसा खाणीत नोकरीला होते, त्यामुळे त्यांना खूप उत्सुकता आहे. पण त्यांना दम लागतो. ज्येष्ठांना घेऊन कुणी खाली उतरलंय का? खाली चालणं बरंच असतं का?

गोल्डन ड्रॅगन म्युझियम आणि जुनी ट्रामही करायची आहे. हे सगळं एका दिवसात रेटलं तर आई थकेल, म्हणून मुक्काम करावा असं मला वाटतं. स्टेशनजवळची, लिफ्ट असलेली राहायची जागा आणि साधं शाकाहारी जेवण कुठे मिळेल, तेही सांगा. वयस्कर मंडळींना घेऊन गेलेल्यांनी जरूर लिहा.