फॅटी लिव्हर ग्रेड २: फायब्रोस्कॅन लगेच करावं का? (परभणी)

मंडळी, मदत हवी आहे.

मिस्टरांच्या पोटात दुखत होतं, मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. खडा निघालाच नाही, रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड २' आलं. वय ४४, वजन ८६ किलो, पोट सुटलेलं. रक्तात लिव्हरचे आकडे एसजीओटी ५२, एसजीपीटी ७८, प्लेटलेट २ लाख १० हजार, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.२. हेपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह. माळकरी माणूस, दारूला कधी शिवला नाही. तरी भावकीत कुजबुज झालीच, ते असो.

डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, तीन महिन्यांनी या. गोळी दिली नाही म्हणून सासूबाईंचं समाधान होईना, त्या गुळवेलीचा काढा द्या म्हणतात. तेल-तूप मी कमी केलंय. पण ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. पेरणीच्या दिवसांत दिवसभर खुर्चीवर, अन् येईल त्या गिऱ्हाइकासोबत अर्धा चहा, तोही पाकासारखा गोड.

फायब्रोस्कॅनसाठी (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) आत्ताच संभाजीनगरला न्यावं का? काढा द्यावा का? ज्वारीची भाकरी चालेल ना?

उत्तर १

ताई, ग्रेडवरून चरबीचा अंदाज येतो, लिव्हर किती कडक झालंय ते कळत नाही. त्यासाठी आधी रक्ताच्या रिपोर्टवरून फिब-४ नावाचा आकडा काढतात: वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. तुमच्या आकड्यांवर साधारण १.२३ येतं. १.३ च्या खाली धोका कमी धरतात. पण हे काठावर आहे अन् शुगरही वाढायला लागलीय, म्हणून पुढच्या भेटीत फायब्रोस्कॅनचं डॉक्टरांना नक्की विचारा. लगेच पळापळ नको.

काढा अजिबात नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलंय.

खरा घोळ चहात आहे. साखरेतल्या फ्रुक्टोजची लिव्हर चरबी करतं. गूळ टाकला तरी तेच, गुळाच्या चहाच्या पाट्या बघून फसू नका. ५ टक्के वजन, म्हणजे ह्यांचे सव्वाचार किलो, उतरलं की चरबी कमी व्हायला लागते. सूज उतरायला ७ ते १० टक्के लागतात. भाकरी खुशाल द्या, फक्त तिसरी वाढू नका. पालेभाजी अन् घट्ट वरण वाढवा. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, दुकान उघडायच्या आधीच.

उत्तर २

वरच्यांशी सहमत. ट्रायग्लिसराइड आणि थायरॉइड तपासलंय का? रिपोर्टमध्ये असेल तर आकडे टाका. आणि स्टिरॉइडसारखी एखादी गोळी चालू आहे का, तेही सांगा.